रेडिओचं तोंड रस्त्याकडे

स्वतःला ऐकू यावा म्हणून रेडिओ न घेणारा माणूस जगात एकच असेल, आणि मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला आणि शिकायला परदेशी गेलेला मी पहिलाच. ट्रॉयमधल्या या घरमालक काकांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, शंकाच आहे.

रेडिओसाठी आम्ही चार शनिवार दुकानं पालथी घातली. एका दुकानातल्या मुलीने तोंडी हुकूम पाळणारे गोल, गुळगुळीत स्पीकर दाखवले. काकांनी एकेक हातात फिरवून पाहिला. "अरे, याला तोंडच नाही! लोकांकडे काय करायचं, पाठ?" शेवटी पुढे जाळी असलेला लाकडी रेडिओ पसंत पडला, तर त्यांनी त्या मुलीला तो घेऊन दारात उभं केलं, स्वतः पार्किंगमध्ये वीस पावलं मोजत गेले आणि तिथून ओरडले, "येतंय! येतंय!" ती हळूच म्हणाली, "तुझे ग्रँडपा का?" मी हो म्हणालो. समजावणार कुठून?

घरी रेडिओ खिडकीत बसला, खोलीकडे पाठ करून. काकांच्या लहानपणी गावात एकच रेडिओ होता, पाटलांच्या ओट्यावर. आमच्या जातीच्या लोकांनी लांब, उन्हात उभं राहून बातम्या ऐकायच्या. पुढे काकांचे वडील नागपुरात गिरणीत लागले. त्यांनी पहिली वस्तू घेतली ती रेडिओ, आणि तो गल्लीकडे तोंड करून ठेवला. खाली सतरंजी. "येईल तो बसून ऐकेल," म्हणायचे.

काकांनी लॉनवर सतरंजीऐवजी दोन फोल्डिंग खुर्च्या मांडल्या. एकदा एक बाई गाडी थांबवून उतरली, तेव्हा ते चहा टाकायला धावले. ती खुर्च्या फुकट आहेत का, एवढंच विचारायला आली होती.

थंडी पडली तशी मीच म्हणालो, "काका, हीटिंग चालू आहे, खिडकी लावू या ना." त्यांनी लावली, पण आवाज वाढवला. बर्फावर घसरायच्या भीतीने ते बाहेर पडेनासे झाले. रोज सकाळी मी बस स्टॉपकडे निघालो की काचेमागून कानाला हात लावून विचारायचे, येतंय ना ऐकू? मी अंगठा वर करायचो. माझ्या कानात इअरफोन असायचे.

फेब्रुवारीत काका गेले. अ‍ॅशबर्नहून त्यांचा मुलगा घर आवरायला आला. "रेडिओ तू ठेव यार," तो म्हणाला. "बाबा दर फोनला सांगायचे, एक मुलगा तरी रोज ऐकतो."

मी त्याला म्हटलं, एकदा इथेच, खिडकीत लावा. बाहेर आलो, खुर्चीवरचा बर्फ झटकला आणि बसलो. कान मोकळे होते. खिडकीला दुहेरी काच. एक शब्दही बाहेर येत नव्हता.

आत मुलाने आवाज वाढवला असावा. त्याने काचेमागून कानाला हात लावून विचारलं.

मी अंगठा वर केला.