फरशीत उमटलेला हात

फिरकीला हे नाव यंत्रानं मिळवून दिलं. फरशी घासायचं ते गोल ब्रशाचं धूड नवख्या माणसाला थेट भिंतीपर्यंत फरफटत नेतं. ही मात्र त्याला लाडावलेल्या वासरासारखी एका हातानं वळवायची. एका मोठ्या कचेरीत ती कंत्राटावर सफाईला होती. तिची थोरली जाऊही त्याच मजल्यावर.

सार्वजनिक सुट्टी आली की कचेरीला कुलूप लागायचं आणि या बायांचं खरं मरण सुरू व्हायचं. फरशीला पॉलिश चढवायचं तर मजला रिकामा लागतो. जुना थर खरवडायचा, धुवायचा, सुकवायचा, मग नवा द्यायचा, आणि तो वाळेपर्यंत वर चिटपाखरू बसता कामा नये. म्हणजे साहेबलोक पगारी सुट्टीत घरी लोळणार आणि या गुडघे टेकून त्यांच्यासाठी आरसा घासणार. वर कंत्राटदाराची मखलाशी बघा. सुट्टीच्या दिवशी अंगठ्याचं मशीन बंद. अंगठा नाही म्हणून हजेरी नाही, हजेरी नाही म्हणून पगार नाही. कुणी तोंड उघडलं की मुकादम साळसूदपणे म्हणायचा, "आज सुट्टी आहे ना? मग सुट्टीचे पैसे कसले मागता?" आणि कुणी आलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवायचा.

अशाच एका सुट्टीला फिरकी पॉलिश देत देत, मागे सरकत जिन्यापर्यंत आली. उलट्या पावली काम करायचं, हा या कामाचा पहिला नियम. जिन्यात पोचल्यावर तिला ऐकू आलं, पलीकडच्या टोकाला नळ वाहत होता. बादली भरायला तिनंच सोडला होता.

"राहू दे वाहत," जाऊ म्हणाली.

"खाली पाणी गेलं की बोलणी कोण खाणार?"

चपला काढून, चवड्यांवर ती ओल्या पॉलिशवरून निघाली. मोठ्या साहेबांच्या केबिनसमोर टाच टेकली आणि सटकली. उजवा हात खाली आला आणि मनगटात कट्‌कन आवाज झाला. जाऊनं धावत जाऊन नळ बंद केला, तिला कशीबशी उचलली आणि तशीच दवाखान्यात नेली. मागे पॉलिश आपलं वाळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरचा हात गळ्यात बांधून फिरकी मुकादमासमोर उभी राहिली. "दुखापतीची पगारी रजा टाका. हात जुळला की येते. माझ्या जागी कुणाला घेऊ नका."

"कुठे पडलीस?"

"साहेबांच्या केबिनसमोर. काल."

"काल तर सुट्टी होती. काल कुणीच कामावर नव्हतं. घरीच पडली असशील न्हाणीघरात."

जाऊ पुढे झाली. "मुकादम, मी उचललंय तिला."

"तूही नव्हतीस काल."

फिरकीच्या डोक्यात तिडीक गेली. ती वळली आणि सरळ जिना चढली. जाऊ मागे, मुकादम त्याच्या मागे. वर चार बाबू खाली वाकून काहीतरी बघत होते. काचेसारख्या वाळलेल्या पॉलिशमध्ये दोघींची पावलं होती, टाचेची लांब घसरण होती, कोपराचा फराटा होता, आणि पाची बोटं फाकलेला उजवा हात होता. तेवढ्यात मोठे साहेब आले.

"हे काय आहे?"

"माझा हात, साहेब," फिरकी म्हणाली. "मी काल घरी होते म्हणे. मग हा काय एकटाच आला होता कामाला?"

एक बाबू फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. तिच्या प्लास्टरकडेही त्यांनी पाहिलं नाही. "ते तुमचं तुम्ही आणि कंत्राटदार बघा. आधी हे पुसून घ्या."

मोडका हात समोर, आणि याला डाग दिसतो! फिरकीनं दातओठ खाल्ले. मुकादमानं फडकं आणलं, थुंकी लावून घासलं. हात होता तसाच.

"पुसून नाही जायचं ते," जाऊ शांतपणे म्हणाली. "अख्खा थर काढावा लागेल. मजला रिकामा लागेल."

"मग पुढच्या सुट्टीला काढा," साहेब म्हणाले.

"सुट्टीला कसं? सुट्टीला तर कुणीच कामावर नसतं ना, मुकादम."

हे वाक्य दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवरच्या बायांच्या तोंडी झालं. पुढची सुट्टी आली, आणि एकही बाई घराबाहेर पडली नाही. मुकादमाचा फोन आला तेव्हा जाऊ फिरकीची वेणी घालत होती. एका हातानं तिला ती जमत नव्हती.

"सगळ्यांना काढून टाकीन," मुकादम ओरडला.

"कशासाठी? आज सुट्टी आहे," फिरकी म्हणाली. "तुम्हीपण घ्या की."

सगळ्यांना एकदम काढायची छाती त्याला झाली नाही. मग कंत्राटदारानं गुळाचा खडा पुढे केला. फिरकीला रजा देऊ, फक्त तिला एकटीला; बायांनी तेवढा थर काढून टाकावा. तिनं उलट निरोप धाडला, "आधी सुट्टीच्या दिवशी अंगठ्याचं मशीन चालू करा. सगळ्यांसाठी. मग बघू थराचं."

मशीन अजून चालू झालेलं नाही. तिची रजाही अडकलेली आहे, आणि घरात सध्या जाऊच्या एकटीच्या पगारावर चूल पेटते. पण तो हातही तिथंच आहे. मोठे साहेब रोज केबिनमध्ये शिरताना त्याला वळसा घालून जातात. पाय द्यायला त्यांना जड जातं म्हणे.

जाऊ द्या की जड. त्याच्यासाठीच आहे तो तिथं.