धोंडबाचा हात

धोंडबाला देवाजी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. खरं सांगायचं तर त्यात देवाजीचा दोष एवढाच, की तो ट्रॅक्टरवर बसून आला.

देवलापारच्या जंगलात धोंडबानं तीस वर्षं सागाचे ओंडके बैलांनी ओढले. ठेकेदार कुणीही असो, उतारावरचं लाकूड सडकेला लावायचं तर बोलवा धोंडबाला. शहात्तर साली ओमप्रकाश शेठनं नागपूरहून ट्रॅक्टर आणला. त्याच्या पाठीवर विंच, म्हणजे एक मोठं लोखंडी रीळ आणि त्याला गुंडाळलेली बोटाएवढी जाड तार. तार खाली न्यायची, ओंडक्याला बांधायची, वरून रीळ फिरवलं की लाकूड मुकाट चढावर येतं. धोंडबाची बैलजोडी बाजारात गेली. धोंडबा तार बांधायला राहिला, तोही शेठच्या मेहरबानीनं.

देवाजी तिशीतला, नागपूरच्या गॅरेजात वाढलेला, तोंडाचा भलता फटकळ. ओढायच्या आधी ट्रॅक्टर तारेच्या रेषेत सरळ उभा करायचा, चाकांना दगड लावायचा आणि खाली बघून ओरडायचा, "बुढ्या, वर ये. ओंडक्याच्या खालच्या अंगाले राहू नको."

बुढ्या म्हणे. मजूर बायांसमोर. धोंडबाच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

कारण खालच्या अंगाला राहणं हीच तर त्याची विद्या होती. बैल ओढत असले की धोंडबा उताराच्या बाजूनं चालायचा आणि डावा तळहात ओंडक्यावर ठेवायचा. ओंडका पलटी घ्यायला लागला की डोळ्यांआधी हाताला कळतं. मग एक हाक, "हो रे हो", आणि बैल जागच्या जागी थांबणार. तीस वर्षांत एक ओंडका त्याच्या हातून नाल्यात गेला नाही. तो हात काढून घेतला तर धोंडबा उरला काय? तार बांधणारा गडी. ती कुणीही बांधील.

त्या दिवशी उतार चांगलाच उभा होता, खाली नाला. ओंडकाही तसाच, दोघांच्या कवेत न मावणारा. देवाजीनं तीनदा रीळ फिरवलं, तीनदा थांबवलं, कारण तिन्ही वेळा धोंडबा हात ठेवून खालीच उभा.

"काहून थांबून राहिला गा?" धोंडबा खालून म्हणाला. "भेव वाटते काय?"

"तू मरशील त्याचं भेव नाही मले. पंचनामा मायावर येईल."

तेवढ्यात शेठ आला. सडकेवर ट्रक तिष्ठत होता, त्याचं डोकं आधीच फिरलेलं. "राहू दे ना बुढ्याले तिथं. तू खींच."

"तो वर आला की खेचतो."

"नाही खेचत तर उतर खाली. मार्तंड, बस रे सीटवर."

मार्तंड म्हणजे शेठचा भाचा. देवाजी उतरला. धोंडबाला मनातून इतकं गार वाटलं, की विचारू नका. मार्तंडनं सावलीसाठी ट्रॅक्टर थोडा पुढं घेऊन झाडाखाली तिरपा लावला. दगड होते तिथंच राहिले. रीळ फिरलं.

ओंडका वाटेतल्या एका झाडाच्या बुंध्याला अडला, तार ताणली, आणि धोंडबाच्या तळहाताला कळलं की तो पलटतोय. अगदी बरोबर कळलं. तोंडून हाकही निघाली, "हो रे हो." तीस वर्षांची हाक. बैलानं ऐकली असती, तार कशाला ऐकते?

पुढच्या क्षणी कुणीतरी त्याची गचांडी धरली आणि त्याला वरच्या अंगाला फेकलं. तो उभा होता तिथून ओंडका गडगडत गेला आणि तिरप्या ट्रॅक्टरला घेऊन नाल्यात पडला. मार्तंड उडी मारून वाचला. गचांडी धरणारा देवाजी होता. तो सीटवरून उतरला तो तडक खालीच आला होता.

"कोणं सांगतलं तुले मले हात लावाले?" धोंडबा फाटलेल्या बंडीकडे बघत म्हणाला.

"मर मग," देवाजी म्हणाला.

दुपारी जंगल खात्याचा नाकेदार पंचनाम्याला आला. शेठनं सांगून टाकलं, सीटवर देवाजी होता, चाकांना दगडसुद्धा लावले नाहीत. मजूर जमिनीकडे बघत राहिले. शेठ धोंडबाजवळ येऊन हळूच म्हणाला, "तू सगळ्यांत जवळ होता. सांग साहेबाले. तुयं काम कायमचं पक्कं."

धोंडबाचं आणि देवाजीचं विळ्याभोपळ्याचं सख्य, हे साऱ्या जंगलाला ठाऊक होतं. एक शब्द, की हा माणूस कायमचा तोंडासमोरून जाणार होता. ट्रॅक्टर तर गेलाच होता. बैल परत येतील, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

"साहेब," तो म्हणाला, "हा माणूस मले फुटक्या डोळ्यानं पाहवत नाही. पण तो सीटवर नव्हता. त्यानं मायी गचांडी धरली होती. सीटवर मार्तंड होता."

संध्याकाळच्या आत दोघांनाही हाकललं.

एसटीला वेळ होता. चढावर शेठचा लाकडं भरलेला ट्रक उभा होता, त्याच्या मागं तेवढी सावली होती. धोंडबा तिथं जाऊन टेकला आणि सवयीनं त्याचा हात बाहेर आलेल्या एका ओंडक्यावर गेला. देवाजी सडकेच्या पलीकडं, पाठ करून बसलेला. त्यानं एकदा मान वळवली.

"बुढ्या, वर ये."

"मुडदा बशिवला तुया," धोंडबा म्हणाला. त्यानं ओंडक्यावरचा हात काढला, शिव्या देत उठला आणि ट्रकच्या पुढं, वर, उन्हात जाऊन बसला.