पत्त्यातला स्वल्पविराम

लातूरच्या एका ट्यूशन क्लासच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं काम बघतो. चाचणी झाली की मार्कांची फाईल येते. एका ओळीत एक विद्यार्थी, मधे स्वल्पविराम: नाव, पत्ता, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. माझ्या आधीच्या माणसाने पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम होता. तो ही ओळ तोडायचा, तुकडे क्रमाने रकान्यांत बसवायचा आणि पालकांना मेसेज धाडायचा. तो माणूस पुण्याला गेला, प्रोग्राम राहिला. चालतंय ना, मग हात लावू नका, असं वरून सांगणं होतं.

एका सकाळी इस्लापूरचा एक शेतकरी ऑफिसात आला. मागे त्याची मुलगी, एका हातात बॅग, काखेत गादीची वळकटी.

"पोरीला न्यायला आलो, सायेब. फिजिक्स शून्य, केमिस्ट्री बी शून्य. इथं ठिवून काय करू?"

मी चमकलो. पेपर अवघड असतात, पण दोन-दोन शून्यं? मूळ फाईल उघडली. तिचा पत्ता होता, मु. पो. इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड. शाळेत शिकवतात तसा, पूर्ण. लातूरची मुलं नुसतं 'लातूर' लिहून मोकळी झाली होती. प्रोग्रामला मात्र स्वल्पविराम दिसला की तोडायचं, एवढंच माहीत. तालुका फिजिक्सच्या रकान्यात जाऊन बसला, जिल्हा केमिस्ट्रीच्या. तिथे आकडा नाही, म्हणून शून्य. तिचे फिजिक्सचे मार्क बायोलॉजीच्या नावावर गेले आणि पुढचे दोन विषय ओळीबाहेरच सांडले. फाईलमध्ये पत्त्याभोवती अवतरणचिन्हं होती. आतलं तोडू नको, एवढाच त्यांचा अर्थ. प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या शहाण्याने तेवढंही पाहिलं नव्हतं. माझं डोकं तापलं. ज्याने नीट पत्ता लिहिला, तोच नापास!

अशा फाईली नीट वाचायची सोय पायथनमध्ये तयारच असते. ती वापरली आणि खरे मार्क त्यांच्यासमोर ठेवले. बायोलॉजीत पोरगी वर्गात पहिल्या चार-पाचांत होती.

"तू काहीच का बोलली नाहीस गं?" मी तिला विचारलं.

"मला वाटलं, आपल्याला येतंय असं आपण उगंच समजून राहिलो."

तिने वळकटी खाली ठेवली. बाप मात्र अजून स्क्रीनकडेच बघत होता.

"मागल्या साली माझ्या भावाची पोरगी हितंच व्हती," तो म्हणाला. "तिला बी असेच शून्य आले. आमी घरी नेली. तिचं बी असंच झालं असंल का?"

मागच्या वर्षीही हाच प्रोग्राम होता. मी होकारार्थी मान हलवली. "तिला परत पाठवा. मी स्वतः वर बोलतो."

"आता कुठून धाडू?" तो म्हणाला. "तिचं लगीन करून दिलं, सायेब."