वीतभर पिटरची रेघ

मोझेल नदीकाठच्या लायनबाख गावात बोट दीड तास थांबते. तेवढ्यात चाळीस पाहुण्यांना चर्च, द्राक्षं पिळायचा जुना दाबा, नावाड्यांची गल्ली दाखवून आणि एकेक पेला वाइन पाजून परत बोटीत कोंबायचं, हे काम लोनी गेली बावीस वर्षं करत होती. पूर्ण नाव अपोलोनिया. वय त्रेसष्ट, गुडघे डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यात झिजलेले, आवाज मात्र नदीपलीकडे ऐकू जाईल असा. मंगळवारी ती पाहुण्यांना बसने ट्रियरला नेई. तिथे चौकातल्या लाल घरावर चक्क लिहून ठेवलंय की हे शहर रोमच्या तेराशे वर्षं आधीचं आहे. ही थाप लोनी मिटक्या मारत सांगायची, डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता. दुसऱ्यांच्या थापांचं तिला काय. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी फुशारकी मारली, त्याला आता कोण जाब विचारणार?

पण स्वतःच्या माहेरच्या भिंतीपाशी आली की ती थोडी घाईने बोलायची.

नावाड्यांच्या गल्लीत प्रत्येक घराच्या भिंतीवर महापुराच्या रेघा कोरलेल्या आहेत, शेजारी वर्ष. नदी घरात येते ती इथल्या लोकांना पाहुण्यासारखीच सवयीची. जाताना कुठवर आली होती ते लिहून ठेवायचं, एवढंच. लोनीचं माहेर गल्लीच्या मधोमध. तिथे आता तिचा धाकटा भाऊ मथेस गुत्ता चालवतो. त्याची पाटी आहे 'उंच रेघ', कारण सत्तेचाळीस सालच्या पुराची या घरावरची रेघ अख्ख्या गल्लीत सगळ्यांत उंच. ती कोरली त्यांच्या वडिलांनी, पिटरने.

मे महिन्यातल्या एका दुपारी हॉलंडची एक शिक्षिका या रेघेपुढे थांबली ती हलेचना. बाई बारीक आवाजाची, पण नजर कसली पक्की.

"एक विचारू?" ती म्हणाली. "समोरच्या घरावर सत्तेचाळीसची रेघ त्र्याण्णवच्या खाली आहे. इथे वर आहे. पाणी तर एकच ना?"

"गल्ली उताराची आहे ना," लोनीने ठेवणीतलं उत्तर दिलं.

"गल्ली असेल. पाण्याला कुठे उतार असतो?"

चाळीस माणसं हसली. लोनीही हसली, पण तिचे कान तापले. हा हशा तिच्या ओळखीचा होता. गावात तिच्या बापाचं नाव होतं 'वीतभर पिटर'. पिटरने मासा धरला, वीतभर कमी करा. पिटरच्या मळ्याला गारा लागल्या, वीतभर कमी करा. शाळेत लोनीला पोरं दोन्ही हात पसरून दाखवायची. बापाला ठेवलेलं ते नाव त्याच्याबरोबर थडग्यापर्यंत गेलं. प्रेतयात्रेत कुणीतरी हळूच म्हणालं होतं की खड्डा वीतभर लांब खणलाय का बघा. लोनीने ते ऐकलं होतं आणि त्या माणसाशी ती आजतागायत बोलली नाही.

आणि आता ग्रामसभेने ठरवलं होतं की येत्या गुरुवारी मोजणीदार बोलवायचा, प्रत्येक रेघेवर पितळी पट्टी लावायची आणि चुकीची रेघ असेल ती बुजवून टाकायची. म्हणजे बाप खोटा होता हे आता सरकारी शिक्क्यानिशी ठरणार. लोनीच्या डोक्यात भुंगा शिरला. तिला गुरुवारच्या आधी कळायला हवं होतं. बाप खोटं बोलला होता का?

"कशाला उकरतेस?" मथेस म्हणाला. "माझी पाटी चालू आहे, चालू दे."

"पाटी गेली खड्ड्यात. ती नळी आण."

वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढायची लांब पारदर्शक नळी मथेसने कुरकुरत आणली. पाणी भरून एक टोक त्याने आपल्या भिंतीला धरलं, दुसरं लोनीने समोरच्या. दोन्ही टोकांत पाणी एका पातळीला स्थिरावलं. त्यावरून मोजलं, तर बापाची रेघ समोरच्यापेक्षा वीतभर वर. शेजारची, कोपऱ्यावरची, सगळ्यांच्या रेघा एकमेकींशी जुळत होत्या. एकट्या पिटरची तेवढी नव्हती.

"झालं समाधान?" मथेस म्हणाला. "हात दाखवून अवलक्षण."

लोनी पायरीवर बसली. तिला वाईट वाटलं, सरळच सांगायचं तर फार वाईट वाटलं. पण वाईट वाटता वाटता एक गोष्ट तिला टोचत राहिली. तिचा बाप पिंपातली वाइन मोजायचा ती खाचांच्या काठीने, बोटाच्या पेराइतकीही चूक नाही. खोटंच बोलायचं तर माणूस ऐसपैस बोलतो. बरोब्बर एक वीत कशाला? आणि गल्लीचा विषय निघाला की बाप एकच वाक्य बोलायचा, "अख्खी गल्ली खोटं बोलते." नंतर नंतर तो सुगीच्या जत्रेतही वेगळ्या बाकावर बसायला लागला. खोटारडा माणूस इतका चिडतो का?

ती समोरच्या घराचा जिना चढून गेली. वर रेझीमावशी राहायची, सत्त्याऐंशी वर्षांची. दिवसभर खिडकीत बसून गल्लीवर पहारा, आणि जीभ कात्रीसारखी. वीतभर पिटर हे नाव पहिल्यांदा हिच्याच घरातून निघालं, असं म्हणत.

"मावशी, सत्तेचाळीसला तुम्ही इथेच होतात?"

"मग काय ट्रियरला राजवाड्यात होते? अठरा वर्षांची होते. याच खिडकीत."

"बाबांनी रेघ कोरली ती पाहिलीत?"

"पाहिली की. पाणी ओसरल्यावर. पुराच्या वेळी आम्ही सगळ्यांनी खिडकीतून वाकून भिंतीत खिळे ठोकले होते, पाणी होतं तिथेच. तुझा बाप कुठे घरात होता? होडी घेऊन वाहून चाललेली पिंपं पकडत होता." तिने बोटांवर मोजलं. "आमचीच. सहा."

"मग त्यांनी पातळी कुठून घेतली?"

"मला काय ठाऊक. पावसाने बाहेरच्या भिंती धुऊन काढल्या होत्या. तो घरात गेला, ती पिंपाची काठी घेऊन आला, इथे दगडावर उभी केली नि छिन्नी मारली. माझे वडील ओरडले, पिटर, वर गेलास. तर म्हणतो, मी मोजलंय."

"काठी आणायला घरात गेले?"

"तर काय. बराच वेळ लागला त्याला. तुमच्या स्वयंपाकघरात अंधारात ती पायरी उतरायची म्हणजे..."

"कसली पायरी?"

"अगं, तुमचं स्वयंपाकघर गल्लीपेक्षा खाली होतं. दारातून आत एक पायरी उतरावी लागे. सूपचं भांडं घेऊन मी आपटले होते तिथे. मग तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी पिटरने भर घालून वर फरशी केली."

लोनी उठलीच. गुडघ्यांची पर्वा न करता जिना उतरली आणि गुत्त्यात जाऊन म्हणाली, "मथेस, कोपऱ्यातल्या बाकाखालची एक फरशी उचल."

"गिऱ्हाईक बसलंय."

"गिऱ्हाईकाला पाय वर घ्यायला सांग."

फरशी निघाली. खाली माती, चुना, विटांचे तुकडे. मथेस खणत गेला आणि पहार खणखणली. काळ्या दगडाची जुनी जमीन. लोनीने पालथं पडून हात आत घातला. उंबऱ्याबाहेरच्या गल्लीच्या दगडापासून ही जमीन किती खाली, ते पुन्हा नळी लावून मोजलं. बरोब्बर तेवढंच. एक वीत.

काय झालं होतं ते तिला लख्ख दिसलं. आतल्या चुन्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती. द्राक्षवाल्या माणसाला पातळी घ्यायची ती तळापासून, हे हाडात मुरलेलं. पिंप असो की घर, काठी तळाला टेकवायची आणि खाच बघायची. बापाने काठी स्वयंपाकघराच्या तळाला टेकवली, पातळी अचूक घेतली, आणि तीच काठी बाहेर येऊन वीतभर उंच दगडावर उभी केली. पुराचं पाणी त्याने वाइनसारखं मोजलं होतं. आणि मरेपर्यंत त्याला वाटत राहिलं की आपण एकटे खरे, बाकी गल्ली लबाड.

लोनी फरशीवर तशीच बसून रडली, आणि रडता रडता तिला हसूही आलं. ज्यांची पिंपं त्याने वाचवली ती माणसं त्याला पाण्यात पाहत राहिली, आणि तो त्यांना.  मथेसने पाय वर घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला फुकट एक पेला दिला, आणि बहिणीलाही.

गुरुवारी मोजणीदार आला. पट्टी वीतभर खाली बसली. वरची रेघ बुजवायला त्याने चुना कालवला, तेव्हा मथेस दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला की भिंत माझी आहे, चुना उचल. मोजणीदाराने वहीत काहीतरी लिहिलं नि निघून गेला. रेझीमावशीला लोनीने आदल्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. मावशीने ऐकून घेतलं आणि खिडकी लावून घेतली. 

शनिवारी बोट आली. चाळीस पाहुणे भिंतीपुढे उभे राहिले. पट्टी खाली, रेघ वर, आणि एका तरण्या माणसाने लगेच विचारलं, "हे असं का?"

"ती वरची माझ्या वडिलांनी कोरली," लोनी म्हणाली. या वेळी घाई न करता. "माणूस खरा होता. मोजमापही खरं होतं. फक्त त्यांनी ते घरात घेतलं, आणि घराची जमीन गल्लीपेक्षा खाली होती."

पाहुण्यांनी माना डोलावल्या, फोटो काढले. ती त्यांना पुढे नेणार इतक्यात समोरची खिडकी उघडली. रेझीमावशी दोन्ही कोपरांवर रेलून गावच्या बोलीत म्हणाली, "लोनी, अर्धंच सांगू नकोस. आम्ही पन्नास वर्षं त्याला हसलो, तेही सांग. मी सगळ्यात जास्त. नाव घेऊन सांग."

बोली पाहुण्यांना कळली नाही. ते खिडकीकडे बघून हात हलवायला लागले. "आजी काय म्हणतायत?" त्या तरण्याने विचारलं.

लोनी पाहुण्यांकडे वळली.  मग तिने मावशीचं नाव घेऊन, एकही शब्द न गाळता, सगळं सांगितलं.