मंगलीच्या कमरेचा दोरा

नर्सच्या सतरा वर्षांच्या नोकरीत अमरीन शेखनं शस्त्रक्रियेआधी शेकडो बायकांच्या बांगड्या, जोडवी, ताईत उतरवले होते. मंगलीच्या कमरेचा काळा दोरा कात्रीनं कापतानाही तिचा हात अडखळला नाही.

खाटेपाशी उभ्या असलेल्या सासूनं ते पाहिलं. पोराशी माडिया बोलीत दोन शब्द बोलली. लगेच लहानू बायकोला उठवू लागला.

"भाऊ, काय करून राह्यले?" अमरीननं विचारलं.

"घरी नेतो. पुजाऱ्यानं बांधला होता. लेकरू होईपर्यंत काढाचा नाई. तुमी विचारलं बी नाई."

मंगलीचं पहिलं बाळंतपण. बीपी एकशे ऐंशी, चेहरा सुजलेला, डोळ्यांपुढे अंधारी. अर्ध्या तासात सिझर केलं नाही तर झटके येतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाव चाळीस किलोमीटर आत, शेवटचे सहा पायवाटेचे.

बल्लारपूरची अमरीन एक्केचाळिसाव्या वर्षी रजा घेऊन पुन्हा नर्सिंगच्या पदवीला बसली होती. 'रुग्णाची संस्कृती आणि शुश्रूषा' या विषयावरच्या तिच्या निबंधाला मागच्याच महिन्यात वर्गात सर्वांत जास्त गुण पडले होते. तो तपासणाऱ्या रश्मी मॅडम आज मूल्यमापनाचा कागद घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"समजावून सांगा त्यांना," त्या म्हणाल्या.

अमरीननं झटके, मूत्रपिंड, बाळाचा श्वास, सगळं सांगितलं. लहानू ऐकत होता आणि मंगलीच्या पायात चप्पल सरकवत होता. मंगलीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

अमरीन मध्येच थांबली. "चुकलं माझं. विचाराले पाहिजे होतं. आता काय केलं तर चालते, आईले विचारा ना."

लहानूनं आईला माडियात विचारलं. डॉक्टरांनी दारातून दोनदा हाक मारली. मग म्हातारी बोलली, आणि लहानूनं मराठीत सांगितलं, "ज्यानं कापला त्यानंच धराचा. जमिनीले लागू द्याचा नाई, दुसऱ्याच्या हाती द्याचा नाई. इथी, आईसमोर."

इथं म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर. आत हजर राहिल्याशिवाय ही केस अमरीनच्या पदवीसाठी धरली जाणार नव्हती, आणि सत्रातली ही शेवटची होती.

"नियम तुम्हाला माहीत आहे," रश्मी मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे." अमरीननं ट्रेमधला दोरा उचलला. लहानूनं संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. स्ट्रेचर आत गेलं.

दोरा उंच धरून दहा मिनिटांत अमरीनचा खांदा भरून आला. "हात खाली चालला, बाई," लहानू म्हणाला. "सुई टोचताना तं लय जोर असते तुमच्यात."

ती हसली नाही. कान दाराकडे होते. आत अवजारांचा आवाज, डॉक्टरांचं तुटक बोलणं, मग बराच वेळ काहीच नाही. म्हातारीची नजर तिच्या मुठीवरून हलत नव्हती.

तेविसाव्या मिनिटाला बाळ रडलं. अमरीननं दोरा धरलेला हात म्हातारीपुढे केला. म्हातारीनं नकारार्थी मान हलवली.

"मंगली कशी हाय, ते डाक्टरले सांगू दे आधी," लहानू म्हणाला.

आणखी वीस मिनिटांनी दार उघडलं. बीपी उतरलं होतं, झटका आला नव्हता. म्हातारीनं दोऱ्यासाठी तळहात पुढे केला.