नाव येण्याआधी

आमच्या वस्तीतल्या पोराचं एक रॅप गाणं सध्या जिकडेतिकडे वाजतंय. त्यात तो आपल्या गेलेल्या मित्रांची नावं घेतो आणि प्रत्येक नावाला पोरं उड्या मारतात. मरणावर नाचतात कशी, या विचारानं माझं डोकं फिरतं.

काल संध्याकाळी तेच गाणं वाजवत एक वरात आमच्या गल्लीत शिरली. गाण्यातलं शेवटचं नाव समोरच्या शांताकाकूंच्या मुलाचं, सुनीलचं. तो गेल्यापासून काकूंसमोर त्याचं नाव आम्ही कुणीच काढत नाही. वरात त्यांच्या दाराकडे सरकत होती आणि एकेक नाव मागे पडत होतं.

दुखवट्याच्या घरासमोर वाजंत्री थांबवायची, ही आमच्याकडची रीत. पोरांनी ती पाळली. ऐन दारात डीजे बंद झाला. सगळे खाली मान घालून चालू लागले. मला हायसं वाटलं. मान राखणं म्हणजे गप्प राहणं, असंच आपण धरून चालतो.

तेवढ्यात दार उघडलं. काकू पायरीवर येऊन ओरडल्या, "बंद का केलंत रे? आता त्याचं नाव येणार होतं. तेवढीच तर त्याला कुणी हाक मारतं!"