अर्लीनचा ऑगस्टमधला फोन

अर्लीन टिडवेल आणि मी, आम्ही दोघींनी फॉक्स क्रीकच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं शेजारी शेजारी उभं राहून भेंडी तळली. पण गावाला ती ठाऊक होती ती तिच्या फोनमुळे.

ऑगस्टमध्ये, कॉलेज फुटबॉलचे सामने सुरू व्हायच्या आधी, रेडिओवरचा निवेदक हॉइट दुपारी लोकांचे फोन घेतो. आमच्याकडे दोन कॉलेजांचे संघ, एक लाल, एक निळा, आणि त्यांचं जुनं वैर. अर्लीन लाल कॉलेजवाली, आमच्यातल्या बहुतेकांसारखी. निळ्या कॉलेजवाल्यांना दर ऑगस्टमध्ये वाटतं की यंदा आपणच. त्यांची ती हवा काढावी अर्लीननंच. तिचा नवरा रॉइस मात्र पक्का निळा. ती फोनवर बोलायला लागली की मागून हा ओरडणार, "यंदा दहा सामने जिंकतो की नाही बघ!" अख्ख्या जिल्ह्याला तो आवाज पाठ होता.

मे महिन्यात रॉइस गेला. लाकडाच्या वखारीत, जेवणाच्या सुट्टीत, बाकावर बसल्या बसल्या. अर्लीन रडली नाही. लोकांनी आणलेल्या जेवणाची भांडी तिनं घासली, ज्याची त्याला परत केली, आणि शाळा उघडली तशी कामावर आली. कसं चाललंय विचारलं की म्हणायची, "चाललंय." पुढे काही नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी तिच्याकडे शेंगा सोलायला बसले होते. रेडिओ चालू होता. कुणी निळा सांगत होता, नवा कोच आलाय, सरावात पोरं नुसती उडतायत, यंदा आम्हाला कुणी अडवत नाही.

अर्लीननं हात पुसले आणि फोन उचलला.

"अगं, यंदा राहू दे," मी म्हटलं.

"वाट बघत असतील," ती म्हणाली.

हॉइटनं आवाज लगेच ओळखला. "आल्या, अर्लीनताई आल्या! बोला, निळ्यांचं काय म्हणणं आहे यंदा?"

"निळे ऑगस्टमध्ये कधी हरत नाहीत रे," अर्लीन म्हणाली. "ऑगस्टमध्ये सामनेच नसतात ना."

हॉइट खदखदून हसला. ती बोलत राहिली. सरावात प्रत्येक चेंडू झेलतात म्हणे, झेलतीलच, समोर त्यांचेच भाऊबंद. कोच नवा आहे, बरं आहे, जुन्याला रडून रडून थकवा आला होता. शब्द नेहमीचे, ठसका नेहमीचा. फक्त तिचे डोळे समोरच्या भिंतीवर होते आणि चेहरा जराही हलत नव्हता. मी शेंगा सोलायची थांबले.

"आणि रॉइसभाऊ कुठेत?" हॉइटनं विचारलं. तो शंभर मैलांवर बसतो. त्याला कोण सांगणार? "आज आवाज नाही त्यांचा. आत्ताच हार मानली की काय?"

अर्लीननं भिंतीवरची नजर खिडकीकडे वळवली.

"बाहेर आहे तो. गवत कापतोय."

"सांगा त्यांना, आठवण काढली म्हणून!"

"सांगते."

तिनं फोन ठेवला आणि येऊन शेंगांचं पातेलं पुढ्यात ओढलं. खिडकीबाहेर गवत गुडघाभर वाढलं होतं.

गावात ते सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणी एक अक्षर काढलं नाही. शनिवारी माझा नवरा न विचारता यंत्र घेऊन गेला आणि तिच्या अंगणातलं गवत कापून आला. तिनं त्याला गोड चहा दिला, बर्फ घालून. घरी आल्यावर तो म्हणाला, "थँक्यू म्हणाली, पण कशाबद्दल ते तिला कळलं होतं की नाही, देव जाणे."

निळे खरंच पहिले चार सामने जिंकले. अर्लीनला चिडवायला एकही निळा आला नाही. ऑक्टोबरात आमच्याशी सामना झाला तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे बसले. आम्ही एकतीस गुणांनी जिंकलो. शेजारच्या घरांतून आरडाओरडा, गाड्यांचे हॉर्न. अर्लीन मांडीवर ताट घेऊन बसली होती, कॉर्नब्रेडचा तुकडा तसाच.

"जिंकलो गं," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली. "बरं झालं."

तिनं टीव्ही बंद केला. जरा वेळानं म्हणाली, "उद्या चर्चला जाताना मला घेशील? गाडी चालवावीशी वाटत नाही."

"घेते की. नऊला येते," मी म्हटलं.